कार्ड खोटं बोलत नाही

१

चिमा स्टोअरच्या पायरीशी उन्हात बसली होती आणि तिच्यावर नजर ठेवायला एक वॉचमन उभा केला होता. साठीच्या घरातली, गुडघे धरून चालणारी बाई. ती काय कुंपणावरून उडी मारून पळणार होती?

मृणाली घरत पेणहून सकाळच्या पॅसेंजरने रोह्याला उतरली, रिक्षा करून कंपनीत आली आणि तिला पहिलं दिसलं ते हे. तिचं डोकं तिथेच तापलं. मार्चचं ऊन, आणि शेजारी सावलीत दोन खुर्च्या रिकाम्या.

"आजींना सावलीत बसवा की," ती वॉचमनला म्हणाली.

"साहेबांची ऑर्डर हाय मॅडम. चोर हाय ती."

शिमग्याच्या संध्याकाळी स्टोअरमधून पॅलेडियमचा डबा गेला होता. दिसायला काळी पूड, पण सोन्याच्या भावाची. ती घातल्याशिवाय कंपनीचं रसायन तयार होत नाही. स्टोअरचं दार किल्लीने उघडत नाही, ओळखपत्राने उघडतं. तांब्याच्या रंगाची चिप बसवलेलं ते कार्ड मशीनमध्ये घालायचं, आपला गुप्त नंबर दाबायचा, की कुलूप सुटतं. चिपमध्ये आणि मशीनमध्ये जे बोलणं होतं त्याचं सॉफ्टवेअर मृणालीने लिहिलं होतं. पेणला गणपतीच्या कारखान्याच्या माडीवर तिचं दोन कंप्यूटरचं ऑफिस होतं. खाली मातीचे गणपती वाळत आणि वर ती रात्रंदिवस हे असलं काहीतरी लिहीत बसे. कार्ड आणि मशीन आधी एकमेकांची ओळख पटवतात, मग कुलूपबंद भाषेत बोलतात, मधल्यामध्ये कुणाला ऐकू येत नाही की बदलता येत नाही. मिठागरावर राबलेल्या बापाची पोर असलं काही करते याचं तिला स्वतःलाच कौतुक होतं.

आज त्याच सॉफ्टवेअरला साक्षीदार करून एका म्हातारीला चौकीत नेणार होते.

"या या, मॅडम," पर्सोनेल ऑफिसर सामंत बाहेर आले. निकेश सामंत, ठाण्याहून बदलून आलेले, कडक इस्त्रीचे. त्यांच्यासोबत फौजदार होते. "तुम्हीच डेमोच्या दिवशी म्हणाला होतात, कार्ड खोटं बोलत नाही. मशीनच्या नोंदीत चिमाचं कार्ड आलंय. तुम्ही फक्त तेवढं लिहून द्या, दुपारी साहेब तिला घेऊन जातील. आणि तिच्या वाडीतलं एकही माणूस उद्यापासून कामावर नको, असं मी ठरवलंय."

"कोण ती बाई?" फौजदारांनी विचारलं.

"ती काय, हीच." सामंतांनी बोट केलं.

बोटासमोर चिमाला पाण्याचा तांब्या देणारी बाई उभी होती. मागून टाइम ऑफिसची दर्शना हळूच म्हणाली, "सर, ती हौसा. चिमा खाली बसलीय."

"तेच ते," सामंत म्हणाले.

मृणालीला वाटलं, तो तांब्या या माणसाच्या डोक्यावर रिता करावा. पण ती "मशीनची नोंद बघू द्या," एवढंच म्हणाली.

सामंतांनी एक छापील ओळ पुढे केली. चिमा, स्टोअर, दार उघडलं.

"एवढीच? बाकीची नोंद?"

"कंप्यूटर बसला हो त्याच्या दुसऱ्या दिवशी. मुंबईला पाठवलाय दुरुस्तीला. एवढं छापून ठेवलं होतं म्हणून वाचलं."

२

वाडी कंपनीच्या मागेच, नदीच्या अंगाला. कामावर फाटकातून कार्ड घालून यायचं, पण मागच्या कुंपणाला भगदाड होतं आणि एरवी सगळी वाडी तिथूनच ये-जा करायची. म्हणून सामंतांचा हिशेब सोपा होता: शिमग्याची सुट्टी, कंपनीत शुकशुकाट, चिमा भगदाडातून आली, आपलं कार्ड घेतलं, दार उघडलं, डबा नेला. चिमा त्या संध्याकाळी होळीपुढे नाचत होती असं वाडीतली पन्नास माणसं सांगत होती. पण वाडीतल्या माणसांची साक्ष कोण धरतो?

मृणालीने फौजदारांकडून दुपार टळेपर्यंतची मुदत मागून घेतली. जेवणाची वेळ झालीच होती, म्हणून तेही हो म्हणाले.

पहिला भेटला स्टोअरकीपर मिथुन. जवळच्या वरसे गावात राहणारा, तोंडाळ पण सरळ. "मी घरी होतो मॅडम, पोरांना रंग आणायला गेलेलो. चिमा रोज सकाळी स्टोअर झाडायला येते. दार मीच उघडतो, माझ्या कार्डाने."

"तिच्या कार्डाला परवानगी आहे ना?"

"हाय की. पण स्टोअरच्या मशीनवर तिला जमतच नाय. पयल्या दिवशी तिनं नंबर दाबला तर ते केकाटलं. जी घाबरली ती परत हात लावंल तर शप्पत."

"पण फाटकावर जमतं?"

"फाटकावर झटकन जमतं. आता ते का, ते मला नका इचारू."

दुसरा कंत्राटदाराचा मुकादम, प्रदीप. त्याने एक पत्र्याची पेटी दाखवली. त्यात सगळ्या कंत्राटी माणसांची कार्डं गठ्ठ्याने पडली होती.

"ही तुझ्याकडे कशी?"

"फाटकातून आत आले की कार्ड परत जमा. घरी नेलं तर पोरं चावतात, हरवतात, दुसऱ्या कंपनीत जातात."

"अरे, ओळखपत्र आहे ते! ज्याचं त्याच्याकडे नको?"

"साहेबांनीच काढलाय नियम." प्रदीप खांदे उडवत म्हणाला. "मला काय, मी सकाळी फाटकाशी पेटी उघडतो, एकेकाला कार्ड देतो, काम सांगतो. बुधा बॉयलरच्या राखेवर, हौसा ड्रम धुवायला, चिमा स्टोअर झाडायला. वर्षभर हेच चाललंय, झोपेत पण सांगंन."

"आणि सुट्टीत पेटी?"

"टाइम ऑफिसात. त्याचं दार माझ्या कार्डाने उघडतं, दर्शनाच्या, नि सामंत साहेबांच्या. चिमाच्या नाय उघडत. पण मी शिमग्याला पेटीला कुलूप घालून दार लोटलं का नाय... खरं सांगायचं तर आठवत नाय मॅडम. घाईत होतो."

म्हणजे प्रदीपला पेटी हाताशी होती, दर्शनालाही होती. मिथुनला स्टोअरमधलं कपाट न् कपाट माहीत होतं. आणि दार लोटायचं राहिलं असेल तर वाटेने जाणाऱ्या कुणालाही सगळं मोकळं होतं. मृणालीला वाटलं, आपण इतकं पक्कं कुलूप बनवलं आणि या लोकांनी किल्ल्यांचा गठ्ठाच उघड्यावर ठेवला.

तरी एक गोष्ट उरत होती. कार्ड मिळालं तरी नंबर कुठून मिळणार? तीनदा चुकला की कार्ड कायमचं बंद पडतं. तिने दर्शनाला गाठलं. कार्डं दर्शनाच बनवायची, कुठल्या कार्डाने कुठलं दार उघडायचं तेही तीच भरायची.

दर्शनाने आधी इकडेतिकडे पाहिलं. "तुम्ही सांगितलं होतं ना मॅडम, ज्याने त्याने आपला नंबर आपण ठरवायचा? सर म्हणाले, या लोकांना काय जमणार आहे. जन्मतारीख टाक, दिवस आणि महिना, विषय संपला."

"आणि नंतर बदलायला शिकवलं?"

"नाही."

"मग चिमाची जन्मतारीख कुणाकुणाला माहीत होती?"

दर्शनाचे डोळे भरून आले. "मॅडम, चिमाची एकटीची काय विचारता? कंत्राटी माणसांत सगळ्यांचा नंबर एकच आहे."

३

शाळेत नाव घालताना पोराची जन्मतारीख कुणाला ठाऊक नसली की मास्तर एक जून लिहून मोकळा होतो. शाळा जूनला सुरू होते, वय बरोबर बसतं, कुणाची तक्रार नसते. अख्ख्या जिल्ह्यात निम्मी माणसं एक जूनची. जी शाळेत गेलीच नाहीत त्यांनाही सामंतांनी त्याच रांगेत उभं केलं होतं. शून्य, एक, शून्य, सहा. गुप्त नंबर म्हणे!

"आमच्या गावात तर आठवड्याचं पाणी सुटावं तशी सगळी एकाच दिवशी जल्मली," हौसा बाहेरून म्हणाली. ती खाडीकडची, लग्न होऊन इकडे आलेली, तोंडाने खट.

मृणाली संतापली, पण संतापाने चिमा सुटणार नव्हती. उलट चिमाचा नंबर चिमाला माहीत होता एवढंच यातून ठरत होतं. ती चिमाजवळ पायरीवर बसली, उन्हातच.

"आजी, तुझा नंबर काय गो?"

"मना नाय म्हाईत."

सामंत जेवून आले होते. "बघा, आता नंबर माहीत नाही म्हणते. रोज फाटकातून येते कशी मग?"

"आकडा नाय म्हाईत," चिमा मान वर न करता म्हणाली. "बोटाला म्हाईत हाय."

मृणाली उठली. तिने आपल्या पिशवीतून कार्डाचं मशीन काढलं, टाइम ऑफिसमधल्या दुसऱ्या कंप्यूटरला जोडलं आणि पेटीतलं तिचं कार्ड हातात देऊन चिमाला खुर्चीत बसवलं. त्या खुर्चीत ती आयुष्यात पहिल्यांदा बसली असावी. फौजदार, मिथुन, प्रदीप सगळे दारात गोळा झाले.

"आजी, कार्ड घाल. आता फाटकावर दाबतेस तस्सं दाब."

चिमाचं बोट कीबोर्डच्या उजवीकडच्या आकड्यांवर गेलं. खाली, वर डाव्या कोपऱ्यात, खाली, मधल्या ओळीत उजवीकडे. मशीन केकाटलं. चिमाने हात असा मागे घेतला की बांगड्या वाजल्या.

"नाटक आहे," सामंत म्हणाले.

"फौजदार साहेब, फाटकावरची बटणं बघितलीत? टेलिफोनसारखी आहेत. एक, दोन, तीन वरच्या ओळीत. हा कीबोर्ड बघा. इथे वरच्या ओळीत सात, आठ, नऊ आहेत आणि एक खाली आहे. आजीला आकडे वाचता येत नाहीत, तिला जागा माहीत आहे. इथे ती एकच्या जागी सात दाबते. स्टोअरच्या दाराशी असाच कीबोर्ड आहे. म्हणून पहिल्या दिवसापासून तिला तिथे जमलं नाही, मिथुनला विचारा. चोराला मात्र तिथेच जमलं, आणि नंबर तीनदा चुकून कार्ड बंदही पडलं नाही. ज्याने दार उघडलं त्याला आकडे वाचता येतात."

फौजदार चिमाकडे बघायला लागले, पहिल्यांदाच नीट.

"साथीदार असेल मग तिचा," सामंत लगेच म्हणाले. "शिकलेला कुणीतरी. तिने कार्ड दिलं, त्याने उघडलं. कार्ड तर तिचंच ना? की आता कार्डही खोटं?"

तोंड उघडावं आणि नेमकं नको ते बोलावं, अशी काही माणसं असतात. मृणालीने मशीनमधून कार्ड काढलं आणि हातात उलटसुलट केलं.

"नाही," ती म्हणाली. "कार्ड खोटं बोलत नाही. आपण एकाच कार्डाला विचारलं, एवढंच चुकलं. प्रदीप, पेटी आण."

४

सामंतांना वाटत होतं की सगळी नोंद कंप्यूटरच्या पोटात असते. बहुतेकांना तसंच वाटतं. पण मृणालीने चिपच्या छोट्याशा जागेत एक सोय करून ठेवली होती. नंबर बरोबर दाबला की कार्ड दाराशी बोलतं आणि कुठल्या दाराशी कधी बोललो ते आपल्याजवळही लिहून ठेवतं. उघडायचं की नाही ते दार मागाहून ठरवतं. दाराने नाही म्हटलं तरी कार्डातली नोंद राहते, आणि ती बाहेरच्या कुणाला पुसता येत नाही. डेमोच्या दिवशी तिने हेही सांगितलं होतं. तेव्हा साहेबलोक बटाटेवडे खात होते.

वाडीतली माणसं भगदाडापाशी जमली होती. उद्यापासून काम नाही हे त्यांना कळलं होतं. मृणाली स्वतः तिथे गेली. "बुधादादा, तुमचं कार्ड मी वाचलं तर चालेल का?"

बुधा राखेचा माणूस, हात कायम करडे. आजवर त्याला असं कुणी विचारलं नव्हतं. "वाचा ना बाय," तो म्हणाला. "आमचंच हाय का ते?"

"तुमचंच आहे."

सगळी टाइम ऑफिसपाशी आली आणि बुधाचं कार्ड मशीनमध्ये गेलं. पडद्यावर ओळी उमटल्या. फाटक, फाटक, फाटक, आणि त्यांच्या मध्येच, शिमग्याच्या संध्याकाळी: स्टोअर.

"मी? मी तर कंदी त्या बाजूला गेलो पन नाय!" बुधा घाबरला.

"माहीत आहे. हौसावहिनी, तुमचं वाचू?"

हौसाच्या कार्डावर तीच संध्याकाळ, तेच स्टोअर. मग एकेकाला विचारून तिने बाकीची वाचली; बहुतेकांवर नुसतं फाटक, पण वाडीतल्याच पुतळीच्या कार्डावर पुन्हा स्टोअर. मग चिमाचं. चिमाच्या नोंदीवर मृणालीने बोट ठेवलं आणि फौजदारांना जवळ बोलावलं. बुधाच्या मागून हौसा, हौसाच्या मागून पुतळी, आणि पुतळीच्या मागून चिमा. चारही एकामागून एक. तिघांना दाराने हाकललं, चौथ्याला उघडलं.

"म्हणजे चोर पेटी घेऊन दाराशी उभा राहिला," फौजदार सावकाश म्हणाले, "आणि एकेक कार्ड घालून बघत गेला."

"हो. नंबर सगळ्यांचा एकच, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. पण ही शंभर माणसं रोज कुठे काय काम करतात ते त्याला ठाऊक नव्हतं. आता मला सांगा, हे ठाऊक नसलेला माणूस इथे कोण?"

५

मॅनेजर परुळेकर साहेबही आवाजाने खाली आले होते. मृणाली दारातल्या माणसांकडे वळली.

"मिथुन रोज सकाळी चिमाला दार उघडून देतो. त्याला चोरी करायची असती तर त्याने बुधाच्या कार्डाला हातही लावला नसता. आणि त्याला दुसऱ्याचं कार्ड लागतंच कशाला, आळ चिमावर घालायचा तर पहिल्या फटक्यात तिचंच उचललं असतं. प्रदीप रोज कामं वाटतो, झोपेत सांगेल म्हणाला. दर्शनाने स्वतःच्या हाताने चिमाच्या कार्डाला स्टोअरची परवानगी दिली. या तिघांनी पेटीतून सरळ चिमाचं कार्ड काढलं असतं. चिमाचा साथीदार असता तरी तिचंच घेतलं असतं. राख उचलणारा कोण, ड्रम धुणारी कोण आणि स्टोअर झाडणारी कोण, यात ज्याला फरक वाटत नाही, ज्याला ती सगळी नुसती 'ती माणसं' वाटतात, त्यानेच गठ्ठा धरून एकेक घालून बघितलं. आज सकाळी फौजदार साहेबांनी विचारलं, चिमा कोण. तेव्हा हौसाकडे बोट कुणी केलं?"

सगळ्यांनी सामंतांकडे बघितलं.

"हा काय पुरावा झाला?" सामंतांचा आवाज चढला. "मला नावं लक्षात राहत नाहीत, म्हणून मी चोर? परुळेकर साहेब, या बाईला आधी बाहेर काढा!"

"जाते ना. फक्त तुमचं कार्ड एकदा वाचू द्या. स्टोअरची परवानगी तुम्हाला नाही, म्हणूनच दुसऱ्याचं लागलं. पण पेटी टाइम ऑफिसात होती आणि त्या दाराला तुमचं चालतं. सुट्टीच्या संध्याकाळी ते दार तुम्ही उघडलं नसेल, तर तुमचं कार्ड तसं सांगेल. त्याचा कंप्यूटर बसलेला नाही."

सामंतांचा हात छातीवरच्या खिशाकडे गेला आणि मध्येच थांबला. "कार्ड... कार्ड आज घरी राहिलं."

"मग सकाळी फाटकातून आत कसे आलात?" फौजदारांनी विचारलं.

कार्ड खिशातच होतं. ते मशीनमध्ये गेलं आणि शिमग्याची संध्याकाळ पडद्यावर आली: टाइम ऑफिस. ती ओळ वाचून होईपर्यंत सामंत खुर्ची शोधत मागे सरकले. डबा त्यांच्या भाड्याच्या खोलीत निघाला, टीव्हीच्या रिकाम्या खोक्यात.

एवढं झाल्यावर परुळेकर साहेब मृणालीला बाजूला घेऊन म्हणाले, "हे बघा, माल मिळाला. आता घरातली गोष्ट घरात मिटवू. सामंत राजीनामा देतील. कुटुंबवाला माणूस आहे, पोलीस कशाला?"

आता मात्र मृणालीचा बांध फुटला. "चिमाला कुटुंब नव्हतं साहेब? तिच्यासाठी तुम्ही सकाळीच पोलीस बोलावलेत. तिला उन्हात बसवलंत, अख्ख्या वाडीचं काम काढायला निघालात. तेव्हा कुणाला घर आठवलं नाही! मी लिहून देणार आहे, जे कार्डांनी सांगितलं ते सगळं. तुम्ही मिटवायचं म्हणालात, तेही लिहीन."

फौजदारांनी टोपी घातली आणि सामंतांना पुढे चालायला सांगितलं. फाटकाशी जीप उभी होती. जाताना सामंतांना चिमाच्या समोरून जावं लागलं, आणि तेव्हाही ते तिच्याकडे न बघताच गेले.

उतरत्या उन्हात मृणालीने पेटीतली कार्डं ज्याची त्याच्या हातात दिली. मग एकेकाला खुर्चीत बसवून नवा नंबर घालायला लागली. फाटकावरच्यासारखी बटणं तिने स्वतः आणून जोडली होती. शेवटी चिमा बसली. पडद्यावर तिचा फोटो आला.

"आजी, कार्डावर काय लिहिलंय ते तुला वाचून दाखवते. तुझंच आहे, तुला कळायला हवं. नाव, चिमा. जन्म, एक जून."

"त्ये खोटं हाय," चिमा म्हणाली.

"काय खोटं?"

"मी शिमग्याची. होळी पेटली आन् माजी आय तितंच आडली, त्या उजेडात जल्मले मी. अख्ख्या वाडीला म्हाईत हाय. तवा तर दर शिमग्याला मना पुढं घालून नाचतात. त्या दिशी पन नाचले."

दर्शना पुढे झाली. कार्ड तिनेच भरलं होतं. "मग सांगितलं का नाहीस ग?"

चिमाने कार्ड पदराच्या टोकात ठेवलं आणि घट्ट गाठ मारली.

"कुनी इचारलंच नाय," ती म्हणाली.